'सेंद्रिय'ची पाटी आणि फवारणारा माणूस

आमच्या पुसदमध्ये आता 'सेंद्रिय' अशी पाटी तीन-चार दुकानांवर तरी दिसते. गूळ सेंद्रिय, तूरडाळ सेंद्रिय, हळद सेंद्रिय. एका ठिकाणी तर सैंधव मीठसुद्धा सेंद्रिय! (मीठ खनिज आहे, त्याला कोणी खत घालत नाही की फवारत नाही. पण असो.) भाव नेहमीच्या मालाच्या दीडपट, कधी दुप्पट. गिऱ्हाईक पाटी बघतं, भाव बघतं आणि दुकानदाराला एकच प्रश्न विचारतं, "खरं आहे ना हो?" दुकानदार म्हणतो, "शंभर टक्के." विषय संपला.

गेल्या महिन्याभरात मला हाच प्रश्न चार-पाच जणांनी विचारला. पत्रकाराला सगळंच ठाऊक असतं असा लोकांचा एक गोड गैरसमज असतो. 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात उत्तर देता आलं असतं तर दिलं असतं. पण या पाटीमागं शंभरेक वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्याचंही एक प्रकरण आहे, जे दुकानाच्या गल्ल्यावर कुणालाच आठवत नाही. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी शब्दच घ्या. 'सेंद्रिय' हा शब्द आपण उचलला तो रसायनशास्त्राच्या पुस्तकातून. तिथं सेंद्रिय म्हणजे कार्बनची संयुगं. त्या हिशेबानं युरिया हे सेंद्रिय संयुग आहे. १८२८ साली वोलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं तो प्रयोगशाळेत बनवला, हे अकरावी-बारावीत आपण सगळ्यांनी घोकलंय. कृषी केंद्राच्या कपाटातली बहुतेक कीटकनाशकंही रसायनाच्या भाषेत सेंद्रियच. म्हणजे शब्दाच्या बळावर भांडायला गेलं तर दुकानदार जिंकेल! शेतीतल्या 'ऑरगॅनिक'चा अर्थ वेगळा होता. लॉर्ड नॉर्थबोर्न नावाच्या इंग्रजानं १९४० साली तो शब्द शेतीला लावला, तेव्हा त्याला म्हणायचं होतं की शेत हे एका जिवंत शरीरासारखं असतं. माती, गुरं, पिकं, माणसं हे सगळे त्याचे अवयव. एकाला दुखलं तर बाकीच्यांना कळ येते. मराठीत येताना हा अर्थ गळाला आणि रसायनाचा तेवढा उरला.

पण नॉर्थबोर्नच्याही आधी या गोष्टीची एक सुरुवात आपल्या शेजारी, होळकरांच्या इंदुरात झाली होती. आणि ती झाली कापसाच्या संशोधन केंद्रात. हे लक्षात ठेवा, कापूस पुढं पुन्हा येणार आहे.

अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली सरकारी नोकरीवर बिहारमधल्या पुसा इथं आला. (पुसा आणि पुसद, नावाचा काही संबंध नाही.) आला होता इथल्या शेतीत सुधारणा करायला. तिथं त्याच्या लक्षात आलं की आजूबाजूचे शेतकरी कुठलंही औषध न मारता बरीच निरोगी पिकं काढतात. मग त्यानं शेतकऱ्यांना आणि किडींना आपले गुरू मानलं, आणि हे पुढं पुस्तकात लिहूनही ठेवलं. कीड पडली म्हणजे कुठंतरी आपलं चुकलंय, कीड ही ते दाखवणारी मास्तरीण, असा त्याचा विचार. त्याची बायको गॅब्रिएल हीसुद्धा वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि कामात बरोबरीची. नाव मात्र जगभर नवऱ्याचंच झालं.

१९२४ साली इंदूरला 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' सुरू झाली. पैसा मुख्यतः कापूस समितीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा, जमीन होळकर दरबारची. हॉवर्ड तिथं १९३१ पर्यंत संचालक होता. तिथं त्यानं काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ढीग ठरावीक दिवसांनी उलथवून, तीनेक महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. तीच जगप्रसिद्ध 'इंदूर पद्धत'. १९३१ च्या पुस्तकावर हॉवर्डच्या जोडीला दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. संस्थेतले रसायनतज्ज्ञ. हॉवर्डवर परदेशात ढीगभर लिहिलं गेलं, वाडांचं नाव आपल्याकडच्या कृषी पदवीधरांनाही सांगता येत नाही. मी दोघा-तिघांना विचारून पाहिलं. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले, तेव्हा त्यांनीही ही खताची पद्धत जाऊन पाहिली होती. त्या जागेवर आज इंदूरचं कृषी महाविद्यालय आहे.

इथं दोन प्रकारच्या लोकांना थोडं थांबवायचं आहे. एक, जे म्हणतात "हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊकच होतं." शेणखत ठाऊक होतं, खरंच. पण तेव्हाही निम्मं शेण गोवऱ्या होऊन चुलीत जात होतं, हॉवर्डची तक्रारच ती होती. ढीग रचण्याची कल्पना त्यानं चीनच्या शेतकऱ्यांवरच्या पुस्तकातूनही घेतली. दुसरे, जे म्हणतात "हे गोऱ्या लोकांचं फॅड आहे." फॅड असेल, पण ते शिकले आपल्याच वावरात. हॉवर्ड परत गेला, १९४० मध्ये त्याचं मोठं पुस्तक आलं, ते वाचून अमेरिकेत रोडेल नावाच्या प्रकाशकानं १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं. तिथून वाचक झाले, वाचकांचे गिऱ्हाईक झाले, गिऱ्हाइकांसाठी दुकानं झाली, दुकानांसाठी शिक्के आले. मातीची काळजी म्हणून निघालेली गोष्ट पन्नास वर्षांत पाकिटावरचं चिन्ह झाली.

आता आपल्याकडं येऊ. कारण जग शिक्के तयार करत होतं, तेव्हा आपल्याकडं पोटाची मारामार होती.

१९६५-६६ चा दुष्काळ, अमेरिकेच्या गव्हाची जहाजं, रेशनची रांग. आमच्या पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री. महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फासावर लटकवा, असं ते जाहीर सभेत बोलले होते. आमच्या भागात ती गोष्ट अजून अभिमानानं सांगतात. १९६४ मध्येच ज्वारीचा पहिला संकरित वाण सीएसएच-१ आला होता. नाईकांनी हायब्रीड ज्वारी गावोगाव नेली. जुनी माणसं सांगतात की दाणा कणसात असताना पाऊस लागला की ती काळी पडायची, भाकरीला गावरानची चव नव्हती. 'हायब्रीड' हा शब्द आपल्या बोलीत तेव्हाच शिवीसारखा रुजला, "आजकालची हायब्रीड पोरं!" पण पीक दुप्पट-तिप्पट यायचं. आणि १९७२ ला पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा रेशनवर आली ती लाल मिलो. माझ्या आईला मिलोची भाकर आठवते. ती खाल्लेल्या माणसासमोर "जुनं ते सोनं, रासायनिक खतानं वाटोळं केलं" असं भाषण करायची माझी हिंमत नाही. ज्याचं पोट रिकामं होतं त्यानं युरियाचं पोतं उचललं, यात त्याचं काय चुकलं?

पण पोत्याबरोबर डबाही आला. गावोगाव कृषी केंद्रं उघडली. बीएचसीची पावडर घरोघरी होती. धान्यात, गोठ्यात, काही ठिकाणी उवांसाठी पोरांच्या डोक्यातसुद्धा! शेतीत डीडीटी वापरायला १९८९ मध्ये बंदी आली, बीएचसीवर १९९७ मध्ये. म्हणजे माझ्या पिढीचं लहानपण त्याच वासात गेलं.

विषारी औषधांचा कायदा आपल्याकडं कसा आला, हे फार थोड्यांना माहीत आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन नावाच्या कीटकनाशकाचा संसर्ग झालेलं पीठ खाऊन शंभरावर माणसं मेली. विषाचे डबे आणि खाण्याचा माल वाहतुकीत एकत्र आला होता. चौकशी आयोग नेमला गेला, आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये कीटकनाशक कायदा झाला. डब्यावरचा रंगीत त्रिकोण याच कायद्याच्या नियमांतला. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे 'कमी विषारी'. 'बिनविषारी' नव्हे. शाकाहाराचा ठिपका हिरवा, सेंद्रियचं चिन्ह हिरवं आणि विषाचा त्रिकोणही हिरवा. अडाणी माणसानं काय समजायचं?

हा कायदा खाणारे मेले म्हणून झाला. फवारणारे तेव्हाही असतीलच, पण ते एकेकटे, आपापल्या वावरात. एका ताटावर शंभर जण मेले की आयोग बसतो.

आता थोडं गिऱ्हाइकाबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल. गुळाचं उदाहरण घ्या. कोल्हापूरचा गूळ म्हणजे जुनी पेठ. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती व्यापारासाठी, आणि त्या व्यापारात गूळ मोठा. जुन्या गुऱ्हाळात काहिलीतल्या रसाची मळी काढायला रानभेंडीचा चीक वापरत. त्या गुळाचा रंग तांबूस, काळपट. पण आपल्याला ढेप पाहिजे पिवळीधमक! व्यापारी सौद्यात रंगावर बोली लावतो, कारण दुकानदार रंग मागतो, कारण आपण रंग मागतो. मग काहिलीत हायड्रॉस पावडर पडू लागली. गुळव्याला काही हौस नव्हती. ती पावडर विकतच आणावी लागते. आता तोच आपण दुप्पट पैसे देऊन 'केमिकल-फ्री काळा गूळ' शोधतो. आणि मागणी काळ्याची झाली म्हटल्यावर गूळ काळा करायचे उपायही निघणारच. रंग बघून गूळ घेण्याची सवय तीच राहिली, नुसता रंग बदलला. पॉलिश केलेली तूरडाळ, कार्बाइडनं पिकवलेला आंबा, हीच कथा. पुन्हा सांगत नाही.

दुसरं उदाहरण द्राक्षाचं. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि निर्यातीचे धाबे दणाणले. त्यानंतर अपेडानं 'ग्रेपनेट' उभं केलं. निर्यातीच्या बागेची नोंद, फवारणीची वही, प्रयोगशाळेत नमुना, पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येईल अशी व्यवस्था. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडला म्हणून पुन्हा कंटेनर अडकले, बागायतदार बुडाले, तपासणी आणखी कडक झाली. चांगलंच झालं. पण जरा विचार करा. नेदरलँड्सच्या बाईनं घेतलेल्या घडाचं गाव, शिवार, बाग सगळं कागदावर सापडतं. आणि आपण नांदेड नाक्यावरच्या गाडीवरून अर्धा किलो घेतो, त्याबद्दल आपल्याला काय सांगता येतं? तर "नाशिकची आहेत."

सेंद्रियचंही अगदी असंच झालं. भारताचा पहिला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून लागू झाला. तो कृषी मंत्रालयाचा नव्हता, वाणिज्य मंत्रालयाचा होता. यातच सगळं आलं. परदेशी गिऱ्हाइकाला कागद पाहिजे होता, म्हणून कागदाची यंत्रणा उभी राहिली. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था, तपासनीस, फी, शेतकऱ्यांचे गट, वह्या. हंगामी पिकाला निदान दोन वर्षांचा आणि फळबागेला तीन वर्षांचा 'रूपांतर काळ'. या काळात शेतकरी रासायनिक काही वापरत नाही, उत्पन्न घटतं, पण माल 'सेंद्रिय' म्हणून विकता येत नाही. म्हणजे नुकसान आज आणि भाव दोन वर्षांनी. कोरडवाहू कास्तकारानं ही दोन वर्षं कशावर काढायची, याचं उत्तर कुठल्याच पुस्तिकेत छापलेलं नसतं. आणि एवढं करूनही कागदावर विश्वास बसला असं नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं अपेडामार्फत होणाऱ्या प्रमाणीकरणाची मान्यता काढून घेतली. ज्याच्यासाठी शिक्का काढला त्यानंच तो नाकारला.

देशातल्या गिऱ्हाइकासाठी कृषी खात्यानं वेगळी वाट काढली, ती पीजीएस. सहभाग हमी पद्धत. यात निदान पाच शेतकऱ्यांचा गट असतो, ते एकमेकांच्या शेताला भेट देतात, एकमेकांची ग्वाही देतात. बाहेरचा महागडा तपासनीस नाही. २०१५ पासून परंपरागत कृषी विकास योजनेतून असे गट गावोगाव झाले. काही नुसते अनुदानापुरते झाले, हेही खरं. अनुदान संपलं की पाटी गंजते. पण कल्पना मला पटते. गावात कुणी रात्री काय फवारलं हे शेजारच्या धुऱ्यावरच्या माणसापासून लपत नाही, तपासनिसापासून लपेल. अर्थात शेजारी सांगेल की झाकेल, हा प्रश्न उरतोच. भावकी आहे शेवटी.

आणि आता २०१७.

त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. २००२ मध्ये बीटी आलं तेव्हा बोंडअळीची फवारणी संपली असं सांगितलं होतं. पण २०१७ उजाडेपर्यंत गुलाबी बोंडअळी त्याला जुमानेनाशी झाली होती. रसशोषक किडी वेगळ्याच. फवारणीवर फवारणी. दोन-तीन औषधं एकत्र कालवून, जोरात तुषार उडवणारे स्वस्तातले पंप पाठीवर घेऊन, डोक्याइतक्या उंच झाडांत शिरून, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दमट उन्हात. तुषार पानावर कमी आणि अंगावर जास्त. मळमळ, उलट्या, डोळ्यांपुढं अंधार. यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. मेलेल्यांत आणि आजारी पडलेल्यांत मजूर बरेच. दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारणारे.

मी तेव्हा बातम्या करत होतो. वॉर्डात एका तरुणाच्या डोळ्यांवर पट्टी होती आणि त्याची आई त्याला दर थोड्या वेळानं बोटं दाखवून विचारत होती, "किती?" बाहेर सरकारी माणसं सांगत होती की यांनी मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत, माहितीपत्रक वाचलं नाही. माहितीपत्रक मी वाचून पाहिलं. भिंगाशिवाय वाचता येत नाही. आणि ऑक्टोबर हीटमध्ये अंगभर प्लॅस्टिक घालून पऱ्हाटीत तासभर उभं राहून दाखवावं कुणीही.

त्याच २०१७ च्या डिसेंबरात दिल्लीत सेंद्रिय अन्नाचे नियम राजपत्रात आले. एफएसएसएआयनं 'जैविक भारत' हे चिन्ह दिलं, २०१८ च्या जुलैपासून अंमल. तोवर कुणीही उठून पाकिटावर 'ऑरगॅनिक' छापत होता, आता दोनपैकी एका पद्धतीचं प्रमाणपत्र लागू लागलं. नियम चांगले आहेत, हवेच होते. पण योगायोग बघा. एकाच सालात, एकाच विषापायी, दोन गोष्टी घडल्या. आमच्याकडं फवारणारे मेले आणि तिकडं खाणाऱ्याची सोय झाली. दोन्हींची आपापली कारणं होती, मान्य. पण सेंद्रिय घेणाऱ्या माणसाला ते चिन्ह माहीत असतं, यवतमाळ माहीत नसतं.

कुणी म्हणेल, कापूस आपण खात नाही. खातो. सरकीचं तेल फरसाणात, फोडणीत, नमकीनच्या पुड्यात आहे. सरकीची ढेप गाई-म्हशी खातात आणि आपण त्यांचं दूध पितो. शिवाय तोच मजूर, तोच पंप, त्याच कृषी केंद्रातला डबा घेऊन दुसऱ्या दिवशी तुरीत असतो, तिसऱ्या दिवशी वांग्यात. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे. पण कपाशीसाठी घेतलेला डबा शेजारच्या वांग्याच्या सऱ्यांत जाऊ नये, यावर कुणाची नजर असणार? २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून २३ लेकरं मेली, ती याच औषधानं.

म्हणून "सेंद्रिय खरं असतं का" या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. चिन्ह खरं असू शकतं, पण ते काय सांगतं ते समजून घ्या. ते पद्धतीबद्दल सांगतं. या पिकाला रासायनिक खत-औषध घातलं नाही, याची नोंद ठेवली आहे, एवढं. तुमच्या हातातली किलोभर डाळ प्रयोगशाळेत तपासली, असं ते सांगत नाही. शेजारच्या वावरातून वाऱ्यानं आलेल्या तुषाराचीही ते हमी देत नाही. उलट बाजूनं, जो छोटा शेतकरी आपला माल स्वतः थेट तुम्हाला विकतो, त्याला नियमानं प्रमाणपत्राची सक्ती नाही. फक्त ते चिन्ह त्यानं वापरायचं नाही. म्हणजे बाजारात पाल टाकून बसलेल्या बाईच्या मुगावर चिन्ह नाही, म्हणून ती खोटं बोलते असं नाही. आणि चकचकीत पाकिटावर नुसतं 'नॅचरल', 'फार्म फ्रेश', 'गावरान' लिहिलं असेल, तर त्या शब्दांमागं सेंद्रियचं प्रमाणपत्र असेलच असं मुळीच नाही.

सुभाष पाळेकर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. ते तर 'सेंद्रिय' शब्दच मानत नाहीत, 'नैसर्गिक' म्हणतात, गांडूळखतालाही नावं ठेवतात. त्यांची प्रत्येक गोष्ट मला पटत नाही. एका देशी गाईवर तीस एकर, हा हिशेब मला तरी जुळत नाही. पण विकत आणायचं कमी करा, हे त्यांचं म्हणणं विदर्भातल्या कर्जबाजारी माणसाला भिडलं, ते उगाच नाही.

पैसे कमी असतील तर माझं सरळ मत: सगळं सेंद्रिय घेण्याच्या नादी लागू नका. ज्या पिकाला मुळातच फवारणी कमी लागते ते जास्त खा. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलाव्यावर येते. तीळ, जवस, अंबाडी, घरच्या वेलावरचं दोडकं. ज्वारीला आपण रेशनच्या गहू-तांदळापायी घराबाहेर काढलं, २०२३ ला भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि आता ती गव्हापेक्षा महाग! तरी लेबलवाल्या परदेशी क्विनोआपेक्षा आपली बिनलेबलची ज्वारी कधीही बरी. हंगाम सोडून फुलकोबी आणि टोमॅटो मागू नका, बिनहंगामी भाजी औषधावरच उभी असते. धुऊन घेतल्यानं वरवरचं औषध बरंचसं जातं. पण जे झाडाच्या आत शिरतं, ज्याला आंतरप्रवाही म्हणतात, ते धुऊन, मिठाच्या पाण्यात ठेवून जात नाही. त्या व्हिडिओंवर वेळ घालवू नका.

आणि विकणाऱ्याला "खरं आहे ना?" हे विचारणं सोडा. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी विचारा, "तण कसं काढलं?"

कीड परवडते, निंबोळी अर्क, दशपर्णी, काहीतरी मारून माणूस वेळ काढतो. पण पावसाळ्यात तण परवडत नाही. तणनाशक एका दिवसात एकराचं काम उरकतं. ते न मारता शेत राखायचं तर दोन डवरण्या, दोन निंदणं, आणि निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर रोज वाढलेला. ज्यानं हे खरंच केलंय, तो या प्रश्नावर थांबत नाही. किती बाया लावल्या, कोणत्या पावसानं डवरा अडकला, कुठल्या धुऱ्यावर हराळी आटोक्यात आली नाही, सगळं सांगत सुटतो. ज्यानं केलं नाही, तो पाकीट पुढं करतो. दुकानदाराला ठाऊक नसेल तर शेतकऱ्याचा फोन नंबर मागा. खरा माल असेल तर नंबर असतोच. मग त्याच फोनवर एवढंही विचारा की आधी फवारायचं कोण, घरचं की मजूर, आणि आता तो काय करतो.

तालुक्यातल्या पीजीएस गटांची माहिती 'आत्मा'च्या कार्यालयात आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडं असते, जाऊन मागता येते. त्यातले कोणते गट चालू आहेत आणि कोणते नुसते कागदावर, ते मात्र फोन लावूनच कळेल. आणि त्यात कुणी रूपांतराच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातला असेल, ज्याला अजून पूर्ण सेंद्रियचं चिन्ह लावता येत नाही, तर त्याची तूर सेंद्रियच्या भावानं घ्या. त्याला तो भाव आत्ता पाहिजे. दोन वर्षांनी त्याच्याकडं गिऱ्हाईक येईल, पण तोवर तो पुन्हा कृषी केंद्रात गेलेला असतो.